नंबराची वही

आठव्या दिवशी पाणी येतं आमच्या गल्लीत,
वडगावात, मागांच्या खडखडाटाच्या पाठीमागं,
आणि तेही पहाटे साडेतीनला,
देवाला उठवायच्या आधी.
वही माझ्याकडे असते. मला दोन्ही लिप्या येतात
आणि माझं अक्षर भांडत नाही, म्हणून.

एकदा पंप सुरूच होईना.
पौर्णिमा नुकती झालेली.
सौंदत्तीच्या डोंगरावरून परतलेली तायव्वा
भंडारा लावत रांगेतून फिरली
आणि सांगत गेली:
ती रोज नदीवर ओल्या वाळूची घागर वळायची,
सापाची चुंबळ करायची.
एक दिवस पाण्यात कुणाचं तरी रूप दिसलं,
घागर विरघळली.
नवरा लेकाला म्हणाला, काप.

"वाळूची का पण?" शमशाद, नंबर चार.
"एवढा मोठा ऋषी,
घरात तांब्याची नव्हती एक?"
सगळ्या हसल्या. तायव्वासुद्धा,
पदर तोंडाला, हनुवटीला पिवळं.

मग शमशादनं तिची काढली.
वाळवंटात सोडलेली बाई, तान्हं भुईवर,
या टेकडीवरून त्या टेकडीवर सात खेपा.
"किताबात तिचं नाव नाही गे.
पण भले भले मर्द पैसे साठवून तिथं जातात
आणि काय करतात?
तिच्यासारखं धावतात.
बाईची धाप, तिची झाली इबादत.
माझी बघ, नुसती दम्याची."

आल्विना कॉन्व्हेंटात भाकऱ्या करते. नंबर अकरा.
ती म्हणाली, आमची विहिरीवर भर दुपारी यायची.
पाद्री दरवर्षी तिचे पाच नवरे मोजतो.
तिनं पाच केले, की पाचांनी तिला टाकलं,
हे मोजत नाही.
"आणि दुपारी का? सांगू?
सकाळच्या रांगेत आपल्यासारख्या बाया होत्या म्हणून."

यावर कुणी हसलं नाही.
मंजुळाची सून हल्ली टँकरचं पाणी घेते.
का, ते ठाऊक होतं आम्हाला.

जिनमती गाळणं झटकत नव्हती, उलटून धुवत होती,
फडक्यातले न दिसणारे जीव
बादलीतल्या पाण्यात हलकेच परत सोडत.
"ह्यांनापण सुटका आहे म्हणतात, कधी ना कधी.
मला मात्र आधी पुरुष व्हावं लागणार.
तेवढा एक जन्म जादा."
मी वही बघितली. म्हटलं, तुझा सातवा आहे, काकी.
"इथं," ती म्हणाली.

दुर्गव्वा नळापासून लांब उभी होती.
तिथं उभं राहा असं आता कुणी सांगत नाही,
पाय आपसूक जातात.
"तायव्वा, अर्धीच सांगितलीस की.
ती पळत आली ती आमच्या खोपटात.
आमच्यातली एक मधे पडली, मिठी मारून.
एका घावात दोन मुंडकी.
पुढं लेकानं वर मागितला, दोघी उठल्या,
पण घाईघाईत शिरं बदलली.
एकीचा डोंगर झाला.
दुसरी उठून कुठल्या घरी गेली?
कुणाच्या चुलीशी बसली?
तिची पोरं काय ओळखली असतील,
तोंड, का हात?"

तायव्वाच्या मुठीत भंडारा तसाच राहिला.

नळ खोकला. हवा, मग गढूळ, मग पाणी.
नीर बंतु, नीर बंतु!
घागरी ओढल्या गेल्या, कुणाचा तरी पाय चेचला,
शमशाद आणि आल्विना नेहमीसारख्या भांडल्या.

वहीत शेवटी दुर्गव्वा होती, एकवीस.
तिच्याखाली बावीस घातला
आणि पेन्सिल थांबली,
कारण नाव ठाऊक नव्हतं.
'दुसरी', असं लिहिलं. मराठीत. खाली कानडीत.

साडेपाचला कल्लाप्पा वॉल्व्हची चावी घेऊन आला.
त्यानं वहीवर बोट फिरवलं.
"एकवीस झाले. ही बावीस कोण?"
येतेय, म्हटलं.
लांबून येतेय.
बंद करू नको एवढ्यात.